धार लावायलाच वीस मिनिटं?

गेल्या अंकात आमच्या सांगलीतल्या छंदमंडळाच्या एका संध्याकाळीबद्दल मी लिहिलं होतं. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही सोसायटीच्या सभागृहात जमतो. कुणी पोस्टाची तिकिटं आणतं, कुणी भरतकाम, कुणी बंद पडलेले रेडिओ. फेब्रुवारीत माझी पाळी होती. माझं लहान लेथ (लाकूड फिरवत ठेवून पटाशीनं कातायचं यंत्र) टेंपोत घालून नेलं आणि दीड तासात लोकांसमोर एक लाटणं, एक भोवरा आणि आंब्याच्या लाकडाचा एक वाडगा कातला. मी ३१ वर्षं आयटीआयमध्ये टर्नर ट्रेड शिकवला, म्हणजे हयात लोखंडात गेली. लाकूड हाती आलं ते निवृत्तीनंतर. त्या लेखावर पत्रांचा गठ्ठाच आला. सगळ्या पत्रांना इथे जागा नाही, म्हणून ज्यांचं उत्तर इतरांच्याही कामी येईल अशी घेतली आहेत, थोडी आखडून.

प्रश्न : सर, लोक वाडगा बघायला आले आणि तुम्ही पहिली २० मिनिटं ग्राइंडरवर धार लावण्यात घालवलीत असं लिहिलंय. हे सगळ्यांसमोर करायची काय गरज? घरून धार लावून नेता आली नसती? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नेता आली असती, आणि बरेच जण तसंच करतात. मी मुद्दाम गाऊज बोथट नेला होता. (गाऊज म्हणजे पन्हाळीसारखी गोल पटाशी.) आधी त्या बोथट गाऊजनं बाभळीचा दांडका कातून दाखवला. खरखर आवाज, पिठासारखा भुसा आणि लाकूड हाताला लागतं ते मांजराच्या जिभेसारखं. मग धार लावली. तोच दांडका, तोच वेग, हातही तोच. आता एकसुरी सर्रर्र आवाज यायला लागला आणि लाकडाच्या लांब, वळलेल्या पट्ट्या माझ्या मनगटावरून मागे पडायला लागल्या. सभागृहातली कुजबुज थांबली. पुढच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "विळी बोथट झाली की टोमॅटो चेचतो, तसंच की हे!" मी जे पाच मिनिटं समजावत होतो ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

दोघे जण कंटाळून उठून गेले, हे खरं आहे. पण जे बसले त्यांच्यातल्या तिघांनी पुढच्या शनिवारी घरातल्या पटाश्या धार लावायला आणल्या.

लोखंडाच्या लेथवर टूल, म्हणजे कापायचं हत्यार, टूलपोस्ट नावाच्या पकडीत पक्कं आवळलेलं असतं. लाकडाच्या लेथवर टूलपोस्ट म्हणजे तुमचाच हात. टूल बोथट असलं की ते कापत नाही, म्हणून आपण नकळत दाब देतो. तो दाबच घात करतो, कारण टोक एकदम लाकडात घुसतं आणि झटका बसतो. नवशिक्या मग म्हणतो, माझा हातच बसत नाही. हाताचा काही दोष नसतो त्यात, धार नसते. माझ्याकडे आलेल्या दहा जणांतल्या आठांचं दुखणं हेच होतं. म्हणून टूल कसं धरायचं हे दाखवण्याआधी मी धार दाखवतो.

काय दाखवलं ते थोडक्यात. आठ इंची पांढरं व्हील, ऐंशी नंबरचं, मोटर मिनिटाला १४४० फेऱ्यांची. बाजारात मिळणारे साधे ग्राइंडर २८८० च्या आसपास फिरतात, त्यावर नवशिक्याचं टूल बघता बघता झिजून जातं. टूलच्या उतारावर, म्हणजे बेव्हलवर, मार्कर पेननं काळी शाई फासायची. मोटर बंद ठेवून व्हील हातानं फिरवायचं, टूल हलकंच टेकवायचं आणि बघायचं शाई कुठली गेली. टोकाची गेली तर मागचा भाग टेकत नाही, मागची गेली तर टोक अधांतरी आहे. वरपासून खालपर्यंत सारखी गेली की मोटर सुरू करायची. धार आली का हे बोटानं बघू नका. टूल उजेडात धरा आणि कडेकडे बघा. कड चमकली तर ती बोथट आहे. खरी धार इतकी बारीक असते की तिच्यावर उजेड थांबतच नाही.

आणखी एक कारण भुशाचं. धारदार टूल पट्ट्या काढतं, त्या जमिनीवर पडतात. बोथट टूल पीठ काढतं आणि ते नाकात जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच लाकडाचा भुसा माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातला आहे. नाकाचा, सायनसचा कर्करोग. शिसवीच्या भुशानं तर काहींच्या अंगावर पुरळ उठतं, दम लागतो. एन-९५ मास्क ही किमान गोष्ट आहे, मग तुम्ही महिन्यातून एकदाच का कातेनात.

प्रश्न : आमच्या मंडळातही अशी संध्याकाळ करायची आहे. काय काय लागेल? लोकांना दिसेल कसं? (एका सांस्कृतिक मंडळाच्या कार्यकर्त्या, डोंबिवली)

उत्तर : तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. दिसण्याचा प्रश्न तुम्ही नेमका पकडलात. लेथवर काम करणाऱ्याची पाठ आणि उडणारा भुसा एवढंच मागच्या रांगेला दिसतं.

यावरचा उपाय मी लेस्टरला बघितला. २०१९ च्या हिवाळ्यात आम्ही दोघं लेकीकडे गेलो होतो. तिकडे गावोगाव कातकामाचे क्लब आहेत, आणि महिन्यातून एक संध्याकाळ कुणीतरी येऊन सगळ्यांसमोर कातून दाखवतं. जावयानं मला अशाच एका ठिकाणी नेलं. चर्चशेजारचं साधं सभागृह, बाहेर बर्फ, आत तीसेक माणसं, बहुतेक माझ्याच वयाची. लेथच्या वर एक मोठा आरसा तिरका टांगलेला होता. त्यात वाडग्याचं पोट मागच्या रांगेतल्या मलाही स्वच्छ दिसत होतं. बाजूच्या टेबलावर सभासदांनी महिनाभरात केलेल्या वस्तू मांडल्या होत्या, आणि चहाच्या सुट्टीत कातणारे गृहस्थ एकेक वस्तू हातात घेऊन कुठे काय चुकलं ते बोलत होते. कुणी रागावत नव्हतं. त्या गृहस्थांचा स्वतःचा वाडगाही त्या संध्याकाळी फुटला. त्यांनी लेथ थांबवलं, तुकडे वर धरले आणि इथे गाठ होती, मी ती पाहिली आणि तरीही पुढे गेलो, असं सरळ सांगितलं. ती दोन मिनिटं मला सगळ्या संध्याकाळीपेक्षा मोलाची वाटली.

आरसा नसेल तर मोबाइल स्टँडवर लावा आणि प्रोजेक्टरला जोडा, आम्ही तेच केलं. मोबाइल टूलच्या टोकाकडे वळलेला असू द्या. कातणाऱ्याचा चेहरा दाखवून काही उपयोग नाही.

बाकीची तयारी : एक हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे साधारण ७५० वॉट, पण सुरू होताना ती बरीच जास्त वीज ओढते. सभागृहातल्या पंख्याच्या प्लगवर पातळ वायरचा एक्स्टेंशन बोर्ड लावू नका. १६ अँपिअरचा सॉकेट आणि जाड वायर हवी, अर्थिंग आधी तपासून घ्या. लेथच्या पायांवर वाळूची चार पोती ठेवा, हलकं लेथ थरथरतं. प्रेक्षक आणि लेथ यांच्यामध्ये पॉलिकार्बोनेटचा पत्रा उभा करा. अॅक्रिलिक दिसायला तसंच असतं, पण आपटलं की त्याच्या काचा होतात. आणि वाडग्याच्या काठाच्या सरळ रेषेत एकही खुर्ची नको, पत्रा असला तरी. काही सुटलंच तर ते त्याच रेषेत जातं. लहान मुलांना पुढे जमिनीवर बसवायची आपल्याकडची पद्धत इथे मोडावी लागेल. आम्ही त्यांना लेथच्या टेलस्टॉककडच्या (मोटरच्या विरुद्ध टोकाच्या) बाजूला बाकांवर बसवलं.

आणि एक विनंती. तुमच्या भागात, कल्याण-भिवंडीकडे, कुणी जुना कातारी किंवा खरादी काम करत असेल तर त्याला बोलवा, मानधन द्या, आणि माइक त्याच्या हातात द्या. पाळण्याचे खांब, लाटणी, तबल्याची खोडं, देवघराचे कळस हे सगळं कातलेलं काम आहे. आमच्याजवळ मिरजेत तंतुवाद्यं होतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण सतारीच्या खुंट्या कातणारा माणूस मैफिलीत कुणी कधी उभा करून दाखवलाय?

प्रश्न : चौदा इंचाचा चिंचेचा वाडगा लेथवर लावला की सगळं मशीन हादरतं. वेग १४०० ठेवला आहे. बेअरिंग गेलं असेल का? (एक इंजिनिअर वाचक, नाशिक)

उत्तर : आधी लेथ बंद करा. बेअरिंगचं नंतर बघू.

तुम्ही इंजिनिअर आहात, आकडा मांडूनच सांगतो. १४ इंच व्यासाचा परीघ साधारण १.१२ मीटर. १४०० फेऱ्यांना गुणा : मिनिटाला १५६० मीटरच्या वर, म्हणजे काठाचा वेग ताशी ९० किलोमीटरहून अधिक. चिंचेचा चार-पाच किलोचा ओबडधोबड ठोकळा त्या वेगानं तुमच्या छातीसमोर फिरतोय. कातणाऱ्यांचा एक ढोबळ हिशेब आहे : व्यास इंचांत घ्या, फेऱ्यांनी गुणा, उत्तर ६००० ते ९००० च्या दरम्यान यायला हवं. १४ इंचाला म्हणजे ४३० ते ६४० फेऱ्या, तेही ठोकळा गोल आणि समतोल झाल्यावर. सुरुवात त्याहूनही खाली करा. एका हातानं ठोकळा फिरवून सोडा. दर वेळी एकच बाजू खाली येऊन थांबत असेल तर ती जड आहे, तिथलं लाकूड आधी करवतीनं काढा.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. २०१६ मध्ये माझ्याकडेही चिंचच होती. लाकडात साल आत वळून गेलेली होती, मला दिसली होती. पॉलिश पेपर मारताना वेग वाढवला, वाडगा दोन तुकडे होऊन सुटला आणि एक तुकडा भुवईवर लागला. सहा टाके पडले. चेहरा झाकायची ढाल भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली होती, हात लांबवला असता तर मिळाली असती. मी आयटीआयच्या मुलांना ३१ वर्षं 'गॉगल' म्हणून ओरडत आलो होतो. त्या दिवसापासून ढाल डोक्यावर चढल्याशिवाय माझं बोट बटणाला लागत नाही. फक्त चष्मा पुरत नाही, पूर्ण चेहरा झाकणारी ढाल हवी. लेथ सुरू करताना वाडग्याच्या रेषेतून बाजूला उभं राहायचं.

प्रश्न : माझे वडील कातारी होते. पाळण्यांचे खांब, लाटणी, खेळणी करायचे. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. माळ्यावर त्यांची पेटी आहे. चार-पाच पटाश्या, कमान, लोखंडी टोकं, लाखेच्या रंगीत कांड्या आणि केवड्याची वाळलेली पानं. पटाश्या गंजल्या आहेत. मला हे काम येत नाही, मी बँकेत आहे. टाकून द्यायचं मन होत नाही. काय करू? (एक वाचक, कुडाळ)

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि एकदा मोठ्यानं बायकोला वाचून दाखवलं. टाकू तर नकाच. कुणी भंगारवाला किंवा जुन्या वस्तूंचा व्यापारी मागायला आला तर त्यालाही देऊ नका.

आधी गंजाचं. पटाश्या रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवा, सकाळी बारीक स्टील वूलनं पुसा. मुठींना पॉलिश पेपर लावू नका. मूठ जिथे खोलगट आणि गुळगुळीत झाली असेल तिथे त्यांचा अंगठा बसत होता, ती खूण जपा. पोलाद बहुधा जुनं कार्बन स्टील असणार. ओळखायचं असेल तर कोपरा ग्राइंडरला क्षणभर टेकवा. फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या ठिणग्या आल्या तर कार्बन स्टील, लालसर मंद रेघा आल्या तर हायस्पीड स्टील. कार्बन स्टीलला ग्राइंडरवर धार लावायला देऊ नका. तापून कड निळी झाली की तिचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं, मग ती कड टिकत नाही. दगडावर, पाणी किंवा तेल लावून, हातानंच धार लावा. वेळ लागेल. रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटं.

आता त्या कमानीबद्दल, कारण तुम्हाला ती चालताना बघितल्याचं आठवत असेल-नसेल. कातारी जमिनीवर बसायचा. लाकूड दोन टोकांमध्ये अडकवलेलं, कमानीची दोरी त्याला वेढा देऊन. एका हातानं कमान मागेपुढे ओढायची, दुसऱ्या हातात पटाशी, आणि पटाशी सरकू नये म्हणून पायाचा अंगठा तिला टेकवलेला. लाकूड एकदा इकडे फिरतं, एकदा तिकडे, म्हणून कापायचं ते फक्त एकाच फेऱ्याला. परतीच्या फेऱ्याला पटाशी केसभर मागे घ्यायची. हे दिवसभर, न चुकता. माझं लेथ एकाच दिशेनं फिरतं, वर मोटर आहे, आणि तरी मला तो हात येत नाही.

लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणानं तापून लाख वितळते आणि लाकडावर बसते. मग केवड्याचं पान दाबून धरायचं, त्यानं ती सारखी पसरते आणि चमक येते. चन्नपट्टणला आजही खेळणी अशीच रंगवतात. तुमच्या पेटीतली पानं त्यासाठीच आहेत. लाखेच्या कांड्या उन्हात किंवा पत्र्याखाली ठेवू नका, एकमेकींना चिकटतील. मलमलीत वेगवेगळ्या गुंडाळा.

लेस्टरच्या त्या क्लबातल्या एका म्हाताऱ्या सभासदानं मला अभिमानानं सांगितलं होतं की लंडनच्या कातारांच्या संघाला १६०४ मध्ये राजा पहिल्या जेम्सनं सनद दिली, आणि तो संघ अजून आहे. मग त्यानं विचारलं, तुमच्याकडे? मी सावंतवाडीच्या चितारआळीबद्दल सांगितलं, रंगीत लाकडी फळांबद्दल, पाळण्यांबद्दल सांगितलं. पण एकाही कातारीचं नाव मला सांगता आलं नाही. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीच्या टोकाला एक कातारी बसायचे. आम्ही त्यांच्याकडून भोवरे घ्यायचो. त्यांना आम्ही 'भोवरेवाले काका' म्हणत असू. नाव विचारलंच नाही कुणी.

म्हणून तुम्हाला एक काम सांगतो. वडिलांचं नाव, गाव, ते काय काय करायचे, लाकूड कुठल्या वखारीतून आणायचे, एका पाळण्याला किती दिवस लागायचे, हे आई किंवा काका हयात असतील तर त्यांच्याकडून लिहून घ्या आणि तो कागद पेटीत ठेवा. आणि पुढच्या हिवाळ्यात पेटी घेऊन सांगलीला या. त्या शनिवारी लेथ आणणार नाही. आपण तुमच्या वडिलांची कमान लावू. मला ती चालवता येईल असं मी म्हणत नाही, पण सगळ्यांसमोर लावून बघू. राहायला आमच्याकडेच.

प्रश्न : मी केलेला आंब्याचा वाडगा सुंदर झाला होता. आठवड्यात चिरला. (एक वाचक, अमरावती)

उत्तर : लाकूड ओलं होतं आणि अमरावतीची हवा कोरडी. बाहेरचा थर आधी सुकून आकसला, आतला ओलाच राहिला, आणि ताणानं तडा गेला. लाकूड सगळीकडे सारखं आकसत नाही. वर्षांच्या वलयांच्या दिशेनं ते मध्यापासून सालीकडच्या दिशेपेक्षा जवळजवळ दुप्पट आकसतं, म्हणून गोल वाडगा सुकला की लंबगोल होतो.

पुढच्या वेळी वाडगा दोनदा काता. पहिल्यांदा भिंत जाड ठेवा, व्यासाचा दहावा हिस्सा, म्हणजे दहा इंचाला एक इंच. तोंडाच्या कडेला आणि जिथे रेषा तुटल्यासारख्या दिसतात तिथे वितळलेलं मेण लावा. मग वाडगा त्याच्याच ढलप्यांसकट कागदी पिशवीत घालून पलंगाखाली सरकवा. प्लॅस्टिकची पिशवी नको, बुरशी येते. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून तारखेसह लिहा. वजन तीन-चार आठवडे हललं नाही की लाकूड सुकलं, मग दुसऱ्यांदा कातून पातळ करा. आणि ठोकळा घेताना खोडाच्या अगदी मधला बिंदू वाडग्यात येऊ देऊ नका. वखारीत खोड मधोमध चिरून घ्या आणि अर्ध्या भागातून वाडगा काढा. मधला बिंदू आत राहिला तर कितीही जपा, तिथून चिरणारच.

प्रश्न : लाटणं आणि वाडगा यांना कुठलं तेल लावावं? दुकानदार टचवुड नावाचं चमकदार पॉलिश देतो. (एक गृहिणी, सोलापूर)

उत्तर : लाटण्याला काहीच लावलं नाही तरी चालतं. रोज कणकेचा आणि हाताचा स्पर्श त्याला पुरतो. वाडग्याला जवसाचं तेल लावा, तुमच्याकडे ते चटणीइतकंच ओळखीचं आहे. जवस हवेत सुकून कडक होतं. शेंगदाण्याचं गोडेतेल तसं पक्कं सुकत नाही, चिकट राहतं आणि काही दिवसांनी खवट वास येतो. पातळ हात लावा, अर्ध्या तासानं पुसा, दोन-तीन दिवस वाळवा, असं तीनदा. चमकदार पॉलिश शोभेच्या वस्तूंना ठेवा.

पण हे नीट वाचा : जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या चुरगळून डब्यात किंवा कोपऱ्यात टाकू नका. सुकताना तेल आपोआप तापतं आणि ढिगात उष्णता कोंडून चिंधी पेट घेऊ शकते, काडी न लावता. बाहेर दोरीवर एकेरी पसरून वाळवा, मग टाका. तेल लावताना लेथ फिरत असेल तर कापड वापरूच नका, वर्तमानपत्राचा तुकडा वापरा. कागद अडकला तर फाटतो. कापड अडकलं तर बोट ओढून नेतं.

प्रश्न : मी साडी नेसते. लेथवर काम करू शकेन का? वय ५८. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : काम नक्की करू शकाल, पण साडीवर नाही. पंजाबी ड्रेस ओढणीशिवाय, बाह्या घट्ट किंवा कोपरापर्यंत, वर जाड कापडाचा एप्रन. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठी काढून ठेवा, केस बांधून टोपीत घाला. हातमोजे अजिबात नकोत, ते हाताला वाचवत नाहीत, आत खेचतात. वयाचं म्हणाल तर आमच्या मंडळात सगळ्यात स्थिर हात ६४ वर्षांच्या एका निवृत्त नर्सबाईंचा आहे. त्या टूलवर अजिबात जोर देत नाहीत. मी त्यांना कारण विचारलं तर म्हणाल्या, इंजेक्शन देताना जोर दिला तर दुखतं.

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमधल्या लोखंडाच्या लेथवर लाकूड कातलं तर? (एक उद्योजक, कोल्हापूर)

उत्तर : होतं, पण बेडवर (लेथच्या खालच्या लोखंडी पायावर) भुसा साठू देऊ नका. भुसा तेल शोषून घेतो, ओल धरतो आणि बेड गंजतो. काम झालं की लगेच झटका आणि तेलाचा हात द्या. चकचे, म्हणजे लाकूड पकडणाऱ्या भागाचे, जबडे बाहेर आलेले असतात, तिथे हात जाऊ देऊ नका. आणि जुन्या कानसी घासून पटाशी बनवायची आपल्या वर्कशॉपांतली सवय लाकडाच्या लेथवर सोडा. कानस कडक असते पण ठिसूळ, झटका बसला तर काचेसारखी तुटते.

प्रश्न : आजोबा, मी सातवीत आहे. बाबांचं सुतारकामाचं दुकान आहे, तिथे लेथ आहे. मला भोवरा करायचा आहे पण बाबा हात लावू देत नाहीत. (एक विद्यार्थी, लातूर)

उत्तर : बाळा, बाबांचं बरोबर आहे. लेथ अजून दोन-तीन वर्षं त्यांनाच चालवू दे. पण भोवरा तुझाच होऊ शकतो, कारण लेथ फिरण्याआधी आणि थांबल्यावर करायची कामं खूप आहेत.

आधी कागदावर खऱ्या मापाचं चित्र काढ. उंची जेवढी, जाडीही जवळजवळ तेवढीच ठेव, उंच भोवरा लवकर लडखडतो. लाकूड तू निवड. बाभूळ, खैर किंवा शिसव, सुकलेलं, गाठ आणि चीर नसलेलं. हातात दोन तुकडे घे आणि एकमेकांवर आपट. टणटणीत आवाज येईल तो घे, बद्द आवाज आला तर तो ओला आहे किंवा आतून पोकळ आहे. बाबा कातत असताना तू टेलस्टॉकच्या बाजूला, चष्मा लावून, दोन पावलं मागे उभा राहा आणि आवाज ऐक. धार गेली की आवाज बदलतो, तो तू बाबांना सांगायचा. त्यांना ते आवडेल.

आर, म्हणजे खालचं लोखंडी टोक, बसवायचं काम तू मागून घे. मात्र भोक बाबांना लेथवरच, भोवरा उतरवण्याआधी पाडायला सांग, म्हणजे ते बरोबर मधोमध येतं. भोक न पाडता खिळा ठोकलास तर लाकूड चिरतं. भोक खिळ्यापेक्षा किंचित बारीक हवं. खिळ्याचं डोकं कापून टाक, कापलेली बाजू आत घाल आणि टोक कानशीनं थोडं गोल कर, फार अणकुचीदार आर जमिनीत रुतते. मग फिरवून बघ. भोवरा एका जागी न थांबता पळत सुटला तर आर तिरकी बसली आहे, ती हलकेच ठोकून सरळ कर. जाळी, म्हणजे गुंडाळायची दोरी, सुती घे आणि पहिला वेढा देण्याआधी थोडी ओली कर. नायलॉनची घसरते.